लिनक्स मिंट २२.२ जुन्या लॅपटॉपवर, तेही मराठी टायपिंगच्या कामासाठी : तीन महिने वापरून लिहितेय

मी पुण्यात नारायण पेठेत राहते आणि घरूनच मराठी टायपिंग आणि प्रूफं बघायचं काम करते, म्हणजे प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंक, अधूनमधून सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि लग्नसराईत पत्रिका. लॅपटॉप २०१६ चा आहे, आय-थ्री, सहाव्या पिढीचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे माझं मशीन त्या यादीत बसतच नव्हतं. दुकानात विचारलं तर एकच उत्तर, ताई नवीन घ्या. पण कीबोर्ड धड, स्क्रीन धड, बॅटरी तेवढी गेलेली, मग नवीन कशाला? दिवाळी अंकांची गडबड संपली तसं भाच्याने डोक्यात घातलं, मावशी, लिनक्स मिंट टाकून बघ, पैसे तर पडत नाहीत. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. नोव्हेंबरात टाकलं आणि आता तीन महिने रोजचं काम त्याच्यावरच चाललंय.

मला मिंट आवडलंय, अगदी मनापासून, आणि मी कुणालाही सांगेन घ्या म्हणून. पण टाकताना मी काही ठिकाणी चांगलीच अडले. माझ्यासारखं कॉम्प्युटरचं शिक्षण न झालेलं कुणीही तिथेच अडेल, म्हणून ते सगळं नीट लिहिते. कमांड मी इथे तशाच लिहितेय जशा भाच्याने मला फोनवरून बोलून सांगितल्या.

मिंट कशाला, तर एक म्हणजे दिसायला ओळखीचं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे हाताला बुजल्यासारखं होत नाही. २००६ पासून क्लेमां लफेव्र आणि त्याची मंडळी हे चालवतायत, आतून उबुंटू २४.०४, म्हणजे लिनक्सचाच दुसरा एक प्रकार, आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत. प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात, २२ ची विल्मा, २२.१ ची झिया आणि मी टाकलेली २२.२ म्हणजे झारा. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं असं ते स्वतःच सांगतात, माझ्याकडे ४ च आहे. टाकायच्या आधी मी एक केलं, डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क ठेवायची चौकट, बसवून घेतली, जुनी हार्डडिस्क विंडोजसकट कॅडीत गेली आणि मूळ जागी नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, मिंट तिच्यावर. हे करून घ्याच, कारण वेगातला निम्मा फरक एसएसडीचा आहे, सगळं श्रेय मिंटला देणं बरोबर नाही.

पहिली अडचण तर पेनड्राइव्हनेच आणली. घरात पडलेला एक जुना पेनड्राइव्ह होता त्याच्यावर मिंटची डाउनलोड केलेली फाईल चढवली, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू झाला, मिंट स्क्रीनवर दिसायला पण लागलं, म्हटलं झालं काम. इन्स्टॉलला लावलं तर बरंच पुढे जाऊन थांबलं आणि एक खिडकी उघडली, एर्नो ५, इनपुट आउटपुट एरर. मी घाबरून लॅपटॉप बंद केला, परत लावलं, परत तिथेच. मग भाच्याला फोन. त्याने पहिलं वाक्य जे म्हटलं ते मला नंतर तीन महिने उपयोगी पडतंय, "मावशी, एरर वाचलीस का? पूर्ण वाच, शेवटपर्यंत, मला वाचून दाखव." वाचली तर त्यात साध्या इंग्रजीत लिहिलेलंच होतं की हे बहुतेक वेळा डिस्क किंवा ड्राइव्ह खराब असल्यामुळे होतं. मिंट ज्या मेनूतून सुरू होतं त्यातच माध्यम तपासायचा पर्याय आहे, तो लावला तर काही फाईलींमध्ये दोष निघाला. डाउनलोड केलेली मूळ फाईल पण आम्ही तपासली, विंडोजमध्ये सर्टयुटिल म्हणून कमांड आहे, तिने फाईलचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढायचा आणि मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. तो तंतोतंत जुळला, म्हणजे फाईल बरोबर, पेनड्राइव्ह गेलेला. तपकीर गल्लीतून नवीन आणला आणि वीसेक मिनिटांत इन्स्टॉल झालं. माझी अख्खी संध्याकाळ ज्या पेनड्राइव्हपायी गेली त्याची किंमत साडेतीनशे रुपये.

इन्स्टॉल करताना एक जागा फार जपून, कुठल्या डिस्कवर टाकायचं ते विचारतं तेव्हा. दोन डिस्क असल्या की एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतात, कंपनीचं नाव आणि आकार बघून खात्री करा मगच पुढे. मी तर त्या वेळेपुरती जुनी हार्डडिस्क कॅडीसकट बाहेरच काढून ठेवली होती, माझी पंधरा वर्षांची कामं होती तिच्यात.

आता वायफाय. पहिल्यांदा सुरू केल्यावर सगळं चाललं, आवाज, टचपॅड, ब्लूटूथ, फक्त वायफायचं नावच नाही. कारण असं की काही वायफाय चिपांचं ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, खुलं नसतं, कंपनीचं बंद ड्रायव्हर वेगळं घालावं लागतं, ते मिंटसोबत आपोआप चालू होत नाही. आणि घालायला इंटरनेट हवं, इंटरनेटला वायफाय हवं, वायफायला ड्रायव्हर हवं! यातून सुटका सोपी आहे, फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंट लगेच ओळखतं, एक अक्षर टाईप करावं लागत नाही. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडायचं, ते चिप शोधून "शिफारस केलेलं" म्हणून ड्रायव्हर दाखवतं, ते निवडायचं, लागू करा, रीस्टार्ट.

माझं इथेच घोडं पेंड खाल्लं. ड्रायव्हर घालताना मध्येच सिक्युअर बूटसाठी एक पासवर्ड ठरवायला सांगितलं, मी ठरवला, रीस्टार्ट केलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेले. परत आले तर मिंट सुरू होऊन बसलेलं आणि वायफाय नाहीच. दोनदा ड्रायव्हर काढून परत घातलं, तरी नाही. शेवटी टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडून भाच्याने सांगितलं तसं सुडो मॉडप्रोब आणि पुढे ड्रायव्हरचं नाव लिहिलं, तर उत्तर आलं, की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस. किल्ली नाकारली. म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे, नीट तयार झालेलं आहे, पण त्याच्यावरची सही मशीनला ओळखीची नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर लॅपटॉप अनोळखी सहीचं काही आत घेत नाही, ती सही ओळखीची करून द्यावी लागते, आणि ते काम त्या रीस्टार्टच्या वेळी एका निळ्या स्क्रीनवर होतं. तो स्क्रीन फक्त दहा सेकंद थांबतो! तेवढ्यात कळ दाबली नाही की तो निघून जातो आणि पुढच्या वेळी आपणहून येत नाही. परत आणायला सुडो मॉकयुटिल डॅश डॅश इम्पोर्ट आणि पुढे किल्लीच्या फाईलचा पत्ता, व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक आणि शेवटी मॉक डॉट डीईआर. परत पासवर्ड, परत रीस्टार्ट, या वेळी मी समोरून हलले नाही. निळा स्क्रीन आला, एन्रोल मॉक (म्हणजे किल्लीची नोंद करा), कंटिन्यू, यस, पासवर्ड, रीबूट. आणि घरातल्या वायफायचं नाव उजव्या कोपऱ्यात आलं. मला इतकं बरं वाटलं ना त्या क्षणी. बरेच जण सांगतात की सिक्युअर बूटच बंद करून टाका, ते पण चालतं, पण दहा सेकंद बसून राहिल्याने काम होत असेल तर संरक्षण कशाला काढायचं असं माझं मत.

घड्याळाची एक गंमत पुण्यातच काय भारतात सगळ्यांना भेटेल. मिंट वापरून मग विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. दुपारचे चार वाजलेत आणि विंडोज दाखवतंय सकाळचे साडेदहा. कारण मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ एवढी एक कमांड मिंटमध्ये दिली की मिटतं.

मग आला गुरुवार. आमच्याकडे दुरुस्तीची लाईट गुरुवारी जाते हे पुण्यात कुणाला सांगायला नको, आणि माझी बॅटरी गेलेली, लॅपटॉप कायम वायरवर. अपडेट चालू असताना लाईट गेली, लॅपटॉप जागच्या जागी बंद. संध्याकाळी चालू केला, मिंट सुरू झालं पण काहीच नवीन घालता येईना. एरर अशी की डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, म्हणजे प्रोग्रॅम घालणाऱ्या साधनाचं काम मध्येच तुटलं, आणि त्याच वाक्यात पुढे तुम्ही अमुक कमांड चालवा म्हणून कमांडसकट उपाय दिलेला, सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए. या वेळी मी भाच्याला फोन केला नाही, वाचलं, तशीच्या तशी टाईप केली, दोन मिनिटं ओळी पळत राहिल्या आणि सगळं जागेवर. त्यानंतर सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल पण दिली खात्रीसाठी, तिला काही सापडलं नाही.

याच्याच जवळची दुसरी एक एरर येते, कुड नॉट गेट लॉक. लोक सांगतात ती लॉकची फाईल उडवून टाका. नका उडवू! त्या ओळीतच लिहिलेलं असतं की कुठल्या प्रोसेसने ते धरून ठेवलंय, बहुतेक वेळा मागे अपडेट मॅनेजर काहीतरी करत असतो, पाच-दहा मिनिटं थांबलं की सुटतं आपोआप. एकावेळी दोघांनी सामान लावायला घेतलं तर घोळ होईल म्हणून ते कुलूप आहे, ते तोडलं तर अर्धवट पॅकेजांचा पसारा आपल्यालाच आवरावा लागतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते, मराठी. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, टाईप करते, बोटं त्यालाच बसलेली. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन, म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड देणारं पॅकेज, घातलं, मेनूतल्या इनपुट मेथडमध्ये जाऊन आयबस निवडलं, आणि इथे लॉगआउट करून परत लॉगिन करावंच लागतं, नाहीतर खाली भाषेचं चिन्ह येतच नाही, मी अर्धा तास शोधत होते. मग आयबसच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट-२ घेतलं. पहिलं मी काय टाईप केलं असेल तर "दुसऱ्या". माझी कुठल्याही नवीन मशीनची ही चाचणी आहे. शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ, मग डी ची, मग य ची, मग इंग्रजी ई ची, आणि "ऱ्या" कसा आला, तर व्यवस्थित अर्धचंद्रासारखा र, य च्या आधी, चिकटलेला. रफार वर चढून "दुसर्या" झालं नाही. "ळ" शिफ्ट-एनवर, "ज्ञ", "क्ष", सगळं जागच्या जागी. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून टाईप करायची सवय आहे त्यांच्यासाठी फोनेटिक पण त्याच यादीत आहे.

लिब्रेऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर, मिंटसोबतच येतं, पण त्याच्या सेटिंगमध्ये एकदा जावंच लागतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय, चालू करायचं. रायटर, म्हणजे त्यातलं वर्डसारखं, देवनागरी मजकुराचा फाँट वेगळा धरतं आणि इंग्रजीचा वेगळा, स्टाइलमध्ये दोन रकाने दिसतात, आपण इंग्रजीच्या रकान्यात फाँट बदलत बसलो तर मराठी ढिम्म हलत नाही. हे एकदा कळलं की फायद्याचंच आहे, पुस्तकात मधेच इंग्रजी शब्द आला तर त्याला आपोआप वेगळा फाँट मिळतो.

आणि आता ती गोष्ट ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले. पहिल्या दिवशी मी एक पान टाईप केलं आणि मला ते खटकत होतं पण काय खटकतंय कळेना. मग चष्मा पुसून "लाल शाल" एवढेच दोन शब्द मोठे करून बघितले. ल हिंदीचा होता, दंडाचा, आणि श पण आपला नाही. शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय आहे, मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचा, आणि आमच्या कामात प्रकाशक हे बघतो. माझ्या मनात आलं की फाँटच बदलावा लागणार. पण रायटरच्या खालच्या पट्टीवर नजर गेली, मजकुराची भाषा "हिंदी" लिहून आलेली. तिथे क्लिक करून अख्ख्या मजकुराला "मराठी" लावलं, आणि डोळ्यांसमोर पानभर सगळे ल पाकळीचे झाले, सगळे श देठाचे झाले, एकाही अक्षराला हात न लावता! चांगल्या युनिकोड फाँटमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक) दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकूर कुठल्या भाषेचा आहे ते बघून योग्य रूप निवडलं जातं. पंधरा वर्षं मी हे काम करतेय, भाषा सांगितल्यावर अक्षर बदलताना मी पहिल्यांदा पाहिलं. ज्या फाँटमध्ये मराठी रूपं घातलेलीच नसतात त्यात अर्थात हे होणार नाही, तिथे फाँटच बदला. ऑप्शन्समध्ये कायमची भाषा मराठी करून ठेवा म्हणजे दरवेळी करावं लागत नाही. शब्दतपासणीसाठी मराठीचं एक्स्टेंशन वेगळं घालायचं, ते बरं आहे, सामासिक शब्दांना उगाच लाल रेघ मारतं पण साध्या चुका पकडतं.

जमलं नाही ते पण सांगते. माझी जुनी कामं जुन्या डीटीपी फाँटमध्ये आहेत, युनिकोड नाही. ती फाईल मिंटमध्ये उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टोपीवाली चिन्हं दिसतात. यात मिंटचा दोष नाही, तो मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच आहे, फक्त त्या फाँटचं कातडं मराठी. फाँट मिंटमध्ये घातला तर दिसायला मराठी दिसतं, पण शोधता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यावं लागतं आणि मग ओळन् ओळ वाचावी लागते, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते, "कार्य" चं काहीतरी भलतंच होतं. आणि ते डोंगलवालं, म्हणजे यूएसबी चावी लावल्याशिवाय न चालणारं, जुनं डीटीपी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, एका प्रकाशकाला अजून त्यातच फाईल लागते, त्याच्यासाठी कॅडीतली हार्डडिस्क ठेवलीय, इंटरनेट न जोडता. तुमचं सगळंच काम तसल्या फाँटमध्ये असेल तर सध्या मिंटच्या वाटेला जाऊ नका, त्रास होईल.

प्रिंटरचं पण अडलंय. माझा जुना लेझर आहे, त्याचं लिनक्सचं ड्रायव्हर ३२ बिटच्या जमान्यातलं, दोन रविवार घालवून सोडून दिलं. आता पीडीएफ करून पेनड्राइव्हवर झेरॉक्सवाल्याकडे नेते. भावाचा नवीन वायफाय प्रिंटर मात्र काही न घालता दोन मिनिटांत जोडला गेला, म्हणजे नवीन घेणाऱ्याने ड्रायव्हरशिवाय चालणारा बघून घ्यावा.

टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा. सिस्टिमची जशीच्या तशी प्रत ठेवतं, काही बिघडलं की मागच्या तारखेला जाता येतं, मी एकदा गेलेय आणि पंधरा मिनिटांत परत कामाला लागले. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्या फायली, म्हणजे होम फोल्डर, ते आपणहून धरत नाही. पुस्तकाच्या फायलींची प्रत वेगळी बाहेर काढायची, ती मी रोज रात्री काढते.

स्टार द्यायचे तर पाचात साडेचार देईन, अर्धा त्या प्रिंटरसाठी ठेवला. सुरुवातीला मला आठवडाभर लागला हे खरं, पण डिसेंबरपासून टर्मिनल एकदाही उघडावं लागलं नाही आणि लॅपटॉप तापत नाही, पंख्याचा आवाज नाही, फाईल उघडायला वाट बघावी लागत नाही. सध्या एका प्रवासवर्णनाची दुसरी प्रूफं चालू आहेत, दोनशे चाळीस पानं, सगळी रायटरमध्ये, आणि रोज रात्री जेवणं झाली की जुन्यातल्या एक-दोन फायली युनिकोड करून वाचून ठेवते, आत्तापर्यंत एकोणीस झाल्या.